गावी राहून वैद्यकीय संशोधनाचे काम : एका नोकरी-शोध सेवेचा तीन महिन्यांचा अनुभव

पुण्यात नऊ वर्षे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम केल्यानंतर, सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यामुळे आम्ही दोघांनी गेल्या वर्षी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी परत येण्याचे ठरवले. पतीने कपाशी-तुरीची शेती हाती घेतली. मला मात्र माझे काम सोडायचे नव्हते. रुग्णाला नव्या औषधाची चाचणी समजावून सांगून संमती घेणे, प्रत्येक नोंद मूळ कागदपत्रांशी ताडून पाहणे, गंभीर प्रतिकूल घटना घडल्यास ती चोवीस तासांच्या आत कळवली जाईल याची काळजी घेणे, हे सारे मी मेहनतीने शिकले आहे आणि त्याची गरज फक्त शहरातल्या रुग्णांनाच असते असे मला वाटत नाही. म्हणून वैद्यकीय संशोधन क्षेत्रातील उमेदवारांसाठीच चालवल्या जाणाऱ्या एका नोकरी-शोध सेवेत मी साडेसात हजार रुपये भरून तीन महिन्यांची नोंदणी केली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण या क्षेत्रातील इतरही सेवा याच पद्धतीने काम करतात असे पुण्यातील सहकाऱ्यांच्या बोलण्यावरून दिसते, आणि माझी तक्रार त्या पद्धतीविषयी आहे.

आधी जे चांगले मिळाले ते सांगते. माझा बायोडेटा त्यांनी मुळापासून बदलून दिला. मी त्यात जबाबदाऱ्यांची लांबलचक यादी दिली होती. सल्लागाराने तिच्या जागी किती चाचण्या, कोणत्या टप्प्याच्या, किती रुग्ण, तपासणीला सामोरे जाण्याचा अनुभव किती, असा नेमका तपशील मांडायला लावला. सराव मुलाखत घेणाऱ्या बाई स्वतः पूर्वी मॉनिटर, म्हणजे चाचणीच्या नोंदी व कामकाज तपासणाऱ्या, होत्या आणि ते त्यांच्या प्रश्नांतून जाणवत होते. संमतीपत्राची नवी आवृत्ती मंजूर झाल्यानंतरही दोन रुग्णांच्या सह्या जुन्या आवृत्तीवर झाल्या, तर तुम्ही काय कराल, असे त्यांनी विचारले आणि माझ्या उत्तरात नीतिमत्ता समितीला, म्हणजे चाचणीला मंजुरी देऊन रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला, कळवण्याचा मुद्दा उशिरा आला, हे स्पष्टपणे दाखवून दिले. त्या एका तासासाठी भरलेले पैसे मला जड वाटले नाहीत.

खरी अडचण नोकऱ्यांची होती. तीन महिन्यांत मला चौदा जागा सुचवल्या गेल्या. त्यांपैकी नऊ पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळुरू येथील होत्या, जरी नोंदणी अर्जात मी वर्धा जिल्ह्याबाहेर राहू शकत नाही असे ठळकपणे लिहिले होते. तीन नागपूरच्या होत्या. आर्वीकडून तेथे रोज जाऊन येणे, घरी आजारी माणूस असताना, शक्य नाही. उरलेल्या दोन घरून करायच्या होत्या. त्यांपैकी एका, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याच्या, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्सच्या कामासाठी मुलाखत झाली आणि ती चांगलीही झाली. पण शेवटी कंपनीने इंटरनेटच्या दोन स्वतंत्र जोडण्या आणि अखंड वीज यांची लेखी हमी मागितली. रात्रपाळीत ठरलेल्या मुदतीत अहवाल पाठवावा लागतो, त्यामुळे ही अट रास्तच होती. आमच्या गावात एकच ब्रॉडबँड जोडणी मिळते आणि पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर सकाळपर्यंत पुरत नाही. ही अट मुलाखतीच्या आधी विचारून घेणे सल्लागाराचे काम होते आणि ते झाले नाही.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मी याविषयी विचारले तेव्हा मला सांगण्यात आले की ग्रामीण भागात क्लिनिकल रिसर्च नसतेच, तुम्ही स्थलांतराचा पुन्हा विचार करा. हे वाक्य मला फार लागले, कारण ते वस्तुस्थितीला धरून नाही. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 पासून खेड्यात उभे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथील 39 गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली, शेजारच्या 47 गावांशी तुलना करून निष्कर्ष तपासले गेले, ते 1999 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि 2011 पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी देशाच्या आरोग्य कार्यक्रमाचा भाग झाल्या. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था आदिवासी गावांत उपचाराबरोबर अभ्यासही करते. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे सिकलसेल आणि तत्सम रक्तविकारांवरील संशोधन केंद्र असून त्याचे लोकार्पण डिसेंबर 2022 मध्ये झाले. विदर्भात सिकलसेल घरोघरच्या ओळखीचा आजार आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने 2047 पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे काम करायला माणसे लागणार नाहीत काय?

मग ही कामे त्या सेवेला दिसली का नाहीत, याचा मी नीट शोध घेतला. त्यांची यंत्रणा पदनामावरून जागा शोधते. मी 'क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर' असे लिहिले होते, म्हणून तेच शब्द असलेल्या जाहिराती येत राहिल्या आणि त्या औषध कंपन्यांच्या व मोठ्या खासगी रुग्णालयांच्या असतात. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अभ्यासांत हेच काम करणाऱ्या व्यक्तीला 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट', 'प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट' किंवा 'प्रोजेक्ट नर्स' म्हणतात, पदापुढे एक, दोन, तीन असा स्तर असतो, आणि जाहिरात अनेकदा संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर थेट मुलाखतीच्या तारखेसह थोड्या दिवसांसाठी लागते. ही साधी बाब या क्षेत्रासाठीच चालणाऱ्या सेवेला ठाऊक असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी कामे शोधण्याचा दुसरा मार्ग क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा. देशात होणाऱ्या औषध-चाचण्यांची नोंदणी तेथे 2009 पासून बंधनकारक आहे आणि ती नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणी कोणत्या रुग्णालयात चालू आहे, प्रमुख संशोधक कोण, नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाली काय, रुग्णभरती सुरू आहे की संपली, हे सर्व त्यात असते. आपल्या जिल्ह्यातील आणि लगतच्या जिल्ह्यांतील संस्थांची नावे घालून शोध घेतल्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या नोंदीही पुष्कळ येतात. त्या बाजूला ठेवल्या की अनुदान असलेले, मनुष्यबळ लागणारे अभ्यास हाती उरतात. शिवाय 2019 च्या नियमांनुसार स्वतःची नीतिमत्ता समिती नसलेले रुग्णालय 50 किलोमीटरच्या आतील दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीच्या मंजुरीने चाचणी करू शकते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचे रुग्णालयही यादीतून वगळू नये. मी एका रविवारी दुपारी बसून अशी अकरा नावे काढली. तीन महिन्यांत सेवेने यांपैकी एकही सुचवले नव्हते.

पुढचे पाऊल सासूबाईंमुळे पडले. "सेवाग्रामले एक चक्कर मारून पाह्य ना वो, घरी बसून थोडीच काम भेटते," असे त्या दोन-तीनदा म्हणाल्या आणि मी आर्वीहून एसटीने निघाले. तेथे दोन विभागांत भेटून आल्यावर एकातून दुसरी ओळख निघत गेली आणि महिन्याभरात जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका संस्थेच्या सिकलसेलवरील अभ्यासात मला प्रकल्प पद मिळाले. मानधन पुण्यातील पगाराच्या निम्म्याहून थोडे अधिक आहे, नेमणूक कंत्राटी आहे आणि अभ्यास संपला की पदही संपते. आठवड्यातून चार दिवस गावांत फिरावे लागते. संमतीपत्र मराठीत छापलेले असले तरी ते वऱ्हाडीत समजावून सांगावे लागते, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी निःपक्ष साक्षीदार बसवावा लागतो. पुण्यात मी ज्या घाईने सह्या घेत असे, त्या घाईची आता मला लाज वाटते. त्या सेवेच्या अर्जात भाषांच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी आणि 'इतर परदेशी भाषा' एवढेच पर्याय होते. गोंडी, माडिया किंवा कोरकू जाणणाऱ्या उमेदवाराला ते लिहायला जागाच नव्हती, वास्तविक गडचिरोली आणि मेळघाटातील अभ्यासांत अशा माणसाची गरज सर्वांत आधी पडते.

पाचपैकी मी या सेवेला दोन गुण देते आणि ते दोन्ही बायोडेटा व सराव मुलाखतीसाठी आहेत. मोठ्या शहरात नोकरी बदलणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. गावी परतणाऱ्यांनी नोंदणीपूर्वी सल्लागाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : तुम्ही प्रकल्प पदांच्या जाहिराती पाहता काय, आणि माझ्या जिल्ह्यात गेल्या वर्षभरात कोणाला काम मिळवून दिले? मी हे सर्व मुद्दे त्यांना लेखी कळवले आहेत. शुल्क परत मिळणार नाही असे उत्तर आले, मात्र भाषांचा रकाना वाढवण्याचे त्यांनी मान्य केले. माझा सध्याचा अभ्यास मार्चअखेर संपतो. तेव्हा त्यांची सराव मुलाखत स्वतंत्रपणे घेता आली तर मी ती पुन्हा घेईन. काम मात्र माझ्या त्या अकरा नावांच्या यादीतच शोधणार आहे, आणि ती आता सतरावर गेली आहे.