अर्पणाच्या पाकिटांचा संच: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या मंडळीने (चर्चने) प्रत्येक कुटुंबाला दर आठवड्याच्या अर्पणासाठी, म्हणजे देणगीसाठी, दिलेला 52 पाकिटांचा संच आम्ही वर्षभर वापरला. कागद जाड आहे, पण डिंक इतका कच्चा की पावसाळ्यात निम्मी पाकिटे स्टेपल करावी लागली. तरीही शनिवारी रात्री जेवणानंतर पाकीट भरण्याची जी सवय घराला लागली, तिचे मोल मला अधिक वाटते. कारण बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 16 व्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे.

माझी तक्रार पाकिटांच्या मागे छापलेल्या मजकुराबद्दल आहे. बहुतेक पाकिटांवर बायबलच्या मलाखी या पुस्तकातील दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिल्यास देव आशीर्वाद देईल असे, वचनच छापले आहे, त्यामुळे देणे हा आशीर्वादाचा सौदा वाटू लागतो. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी मागताना पौलाने टक्केवारी सांगितली नाही. मनात ठरवल्याप्रमाणे, संतोषाने द्या, एवढेच म्हटले. सगळेच देवाचे आणि आपण कारभारी, हा विचार फक्त एका पाकिटावर सापडला. जवळचे सगळे देणाऱ्या गरीब विधवेच्या दोन टोल्या (लहान नाणी), ही येशूने सांगितलेली गोष्ट, तर कुठेच नाही.

यूपीआयचा क्यूआर कोड मात्र सोयीचा आहे, विशेषतः परगावी असताना.