इंजिनाचा ताप मोजणारी बंदूक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नारळी पौर्णिमेनंतर घेतली तेव्हा बोट चालवणाऱ्या तांडेलाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, हातात उलटसुलट करून विचारलं, "ही कोरोनात कपाळावर लावायचे तीच ना रे?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. घरात पडून असलेली ती कपाळाची बंदूक मी आधी इंजिनावर लावून पाहिली होती. ती माणसाच्या तापापलीकडे जात नाही, पडद्यावर नुसतं 'हाय' येतं. ही इंडस्ट्रियल आहे, उणे ५० ते ४०० अंशांची. साडेअकराशे रुपये पडले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीच्या सगळ्या बंदुका थोड्याफार सारख्याच दिसतात.

आमची मासेमारीची बोट हर्णैची. इंजिन सहा सिलिंडरचं, हीट एक्स्चेंजरवालं: आत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं आणि समुद्राचं पाणी बाहेरून येऊन त्याला थंड करून सायलेन्सरवाटे मागे पडतं. नोव्हेंबरात इंजिन तापायला लागलं. हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) काही नाही, चौदाशेच्या वर गेलं की काटा चढायचा. मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा रस्ता उघडबंद करणारी झडप, बदलला. मग समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, बदलला; जुन्याच्या दोन पाकळ्या तुटल्या होत्या. दोन दिवस वाटलं, झालं काम. तिसऱ्या दिवशी सुवर्णदुर्गाच्या बाहेर काटा पुन्हा लाल पट्ट्यात. आता मिस्त्री इंजिनाचं हेड खोलायचं म्हणू लागला. त्याचा खर्च ऐकून मी बंदूक बाहेर काढली.

बोट चौदाशेवर चालवली आणि एकेक जागा टिपली. समुद्राचं पाणी आत येतं तो पाइप २७. एक्स्चेंजरमध्ये जाणारं कूलंट ९४, बाहेर पडणारं ९०. म्हणजे इतक्या मोठ्या भांड्यातून फिरून कूलंट जेमतेम चार अंश उतरलं होतं. आणि एक्स्चेंजरमधून बाहेर पडणारं समुद्राचं पाणी? ६१.

या शेवटच्या आकड्यानेच उत्तर दिलं. एक्स्चेंजरच्या आतल्या नळ्यांवर नुसता क्षार बसला असता तर पाणी भरपूर वाहिलं असतं, पण उष्णता न घेताच, फारसं न तापता निघून गेलं असतं. ६१ म्हणजे पाणीच कमी जातंय, आणि जेवढं जातंय तेवढं भाजून निघतंय. गाळणी साफ, इम्पेलर नवा, होज चेपलेला नाही. राहिलं काय? पंपापासून पुढचा रस्ता.

इंजिन गार झाल्यावर एक्स्चेंजरच्या टोकाचं झाकण खोललं. नळ्यांच्या तोंडावर जुन्या इम्पेलरच्या त्या दोन पाकळ्या आडव्या बसलेल्या, मध्ये गंजापासून वाचवायला बसवलेल्या झिंकच्या कांडीचे झिजून पडलेले तुकडे, आणि या सगळ्यावर आंजर्ले खाडीच्या तोंडाचा काळा गाळ लिंपलेला. ओहोटीला आत शिरलं की तो गाळ ओढला जातोच. एक पाकळी पक्कडीने काढताना तिचा आकार नळ्यांच्या तोंडांवर छापल्यासारखा उमटलेला दिसला. इम्पेलर बदलणाऱ्याने तुटलेल्या पाकळ्या गेल्या कुठे हे विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं विचारलं.

एक गोष्ट दादाच्या बाजूने सांगायलाच हवी. तो आठवडाभर आधीपासून म्हणत होता, "मागची धार बारीक पडतेय, वाफ जास्त आहे." बंदुकीने फक्त त्याच्या म्हणण्याला आकडा दिला.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीत उपयोग झाला, तो वेगळाच. काटा एकदम टोकाला जाऊन थरथरायला लागला, खलाशी घाबरला. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर (कवचावर) बंदूक ७९ दाखवत होती, म्हणजे इंजिन तापलंच नव्हतं. काट्याच्या सेन्सरच्या वायरचं कव्हर घासून ती इंजिनाच्या ब्लॉकला टेकत होती, बस. चिकटपट्टी गुंडाळली आणि जाळी टाकायला लागलो.

आता तक्रारी. चकचकीत धातूवर ही बंदूक धडधडीत खोटं बोलते. स्टीलच्या पाइपवर ४४ आलं म्हणून मी हाताचं बोट टेकवलं आणि फोड घेऊन बसलो. जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा किंवा मॅट काळा रंग लावा, आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर मोजा. लाल लेझर फक्त नेम धरायला असतो. मोजमाप त्याच्या भोवतीच्या वर्तुळाचं होतं, आणि १२ इंचांवरून ते वर्तुळ इंचभर होतं. लांबून मारलात तर शेजारच्या एक्झॉस्टची उष्णता त्यात मिसळते. जवळ जाताना इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात बाही अडकणार नाही एवढं बघा. वाफेतून तर मोजूच नका.

खाऱ्या हवेने सहा महिन्यांत बॅटरीच्या क्लिपवर हिरवट बुरा धरला. घासून चालतेय. आता चकलीच्या रिकाम्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवतो. उन्हात पडदा दिसत नाही, पण इंजिन रूममध्ये ऊन कुठून येणार म्हणा.

सगळ्यात मोठी चूक माझीच. बोट ठीक चालत असताना मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. आता वही केली आहे: चौदाशेवर अर्धा तास चालल्यानंतर हाउसिंग ७९, एक्स्चेंजरमध्ये ७८, बाहेर ७०, समुद्राचं पाणी २७ आत, ३९ बाहेर. पंधरा दिवसांनी एकदा तेच ठिपके, तोच वेग. वही नसेल तर ही बंदूक घेऊन निम्मे पैसे फुकट.

गेल्या महिन्यापासून हाउसिंग ८३ दाखवतंय. समुद्राचं पाणी बाहेर पडतंय ४२, धार जाडच आहे, म्हणजे रस्ता मोकळा आहे. मला वाटतं बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्या धरल्यात, बोट ढकलणारा पंखा जड जातोय, आणि तेवढ्याच आरपीएमला इंजिनाला जास्त राबावं लागतंय. दादा म्हणतो पंखाच वाकलाय. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की बोट वर ओढू, तेव्हा कळेल.