भाड्याचा वेटसूट आणि 13 डिग्रीचं पाणी: पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनचा अनुभव

मे महिन्यात इंग्लंडमधल्या डॉर्नी लेकला माझी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन झाली. 750 मीटर पोहणं, मग तळ्याभोवती फेऱ्या मारत साधारण 20 किमी सायकल, शेवटी 5 किमी रन. 2012 च्या ऑलिम्पिकचं रोइंग झालं तेच हे तळं, आमच्या स्लाऊपासून अगदी जवळ. सकाळी पोचलो तेव्हा बाहेर 5 डिग्री आणि पाणी 13, म्हणजे वेटसूट (गार पाण्यात पोहायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) कम्पल्सरी. पहिल्याच रेससाठी नवीन सूट घ्यायचं जिवावर आलेलं म्हणून एका दुकानातून सीझनभरासाठी भाड्याने घेतला, 55 पौंडात, त्याचाच हा रिव्ह्यू.

सगळ्यात आधी साईज. दुकानवाले उंची-वजनाच्या तक्त्यावरून साईज देतात, मला दिलेला सूट घरी घालून बघितला तर मस्त बसला असं वाटलं, पण आठवडाभर आधी तळ्यावर प्रॅक्टिसला गेले आणि कळलं की कमरेच्या वर पाठीशी पोकळी राहतेय, प्रत्येक स्ट्रोकला गार पाणी मानेतून आत शिरून पाठीवरून खाली जात होतं, दहा मिनिटात दात वाजायला लागले. सूटच्या आत पाण्याचा पातळ थर राहतो तो अंगाच्या उबेने गरम होतो, पण ते पाणी सारखं बदलत राहिलं तर सूट असून नसल्यासारखा. दुकानाने लगेच एक साईज लहान बदलून दिला, एक पैसा जास्त घेतला नाही, आणि तिथल्या मुलीने पंधरा मिनिटं उभं राहून घालायला शिकवलं. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा, पोटऱ्यांपासून थोडा थोडा वर ओढत आणायचा, खांद्यापाशी सैल पडला पाहिजे नाहीतर हात फिरत नाही. हे तिने नसतं दाखवलं तर माझी रेस झालीच नसती.

मी सांगलीला कृष्णेत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. सूट घालून पहिल्यांदा पाण्यात आडवी झाले तेव्हा अगदी तस्संच वाटलं, कुणीतरी खालून उचलून धरल्यासारखं, पाय आपोआप वर. गार पाण्यात तोंड घातल्यावर पहिली मिनिटभर श्वास धाप लागल्यासारखा येतो, तेव्हा पाठीवर तरंगत राहिले, सूटने धरून ठेवलं, श्वास जागेवर आला मग सुरुवात केली. निओप्रीनची, म्हणजे सूटच्याच रबराची, टोपी मात्र पोहायच्या साध्या टोपीच्या आत घालाच, कपाळ दुखायचं थांबतं.

पोहून बाहेर आल्यावर सूट काढणं सोपं गेलं, पण बोटं इतकी बधिर झालेली की हेल्मेटचा पट्टा लागेना, आणि नियमाने तो लावल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही, पूर्ण दोन मिनिटं तिथेच गेली. सायकलवर ओल्या अंगाला समोरचा वारा, पुढच्या वेळी हातमोजे आणि आर्म वॉर्मर (दंडापासून मनगटापर्यंतच्या उबदार बाह्या) सायकलपाशी उघडे मांडून ठेवणार. रनला दुसऱ्या किलोमीटरपर्यंत पाय जमिनीला लागतायत हेच कळत नव्हतं, मग हळूहळू पायात जीव आला आणि शेवटचा एक किलोमीटर मनापासून पळाले.

एक तक्रार आहे. परत करताना मांडीपाशी नखाने पडलेली छोटी चीर दाखवून डिपॉझिटमधले 15 पौंड कापले. ती चीर आधीपासून होती याची मला खात्री आहे पण घेताना फोटो काढला नव्हता त्यामुळे काही बोलता आलं नाही, वाईट वाटलं. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच उजेडात धरून सगळा सूट बघा, फोटो काढा, आणि घालताना हातात सुती मोजे घाला, निओप्रीनला नख लागलं की ते लगेच फाटतं.

पाचापैकी चार. सप्टेंबरच्या रेससाठी तिथूनच घेणार, साईज आता माहितीये.