टॉप हॅटचा जुना साचा घेताना मधला तुकडा आधी तपासा

इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून ‘व्हिक्टोरियन टोपीवाल्याचा पूर्ण संच’ ऑनलाइन मागवला, आणि त्यातली एकच वस्तू धड निघाली, ती म्हणजे इस्त्री. बाकी पाच तुकड्यांचा लाकडी साचा, डोक्याचा आकार टिपणारं कॉन्फॉर्मेटर आणि तो आकार पूर्ण मापात परत देणारं त्याच्या जोडीचं फॉर्मिलॉन, तिन्हींत गडबड. खरं तर जाहिरातीतच शंका यायला जागा होती. सगळा संच ‘ल्यूटनच्या सिल्क हॅटवाल्यांचा’ असल्याचं लिहिलं होतं. ल्यूटन हे इंग्लंडमधलं शहर गाजलं ते गवती टोप्यांसाठी.

टॉप हॅट, म्हणजे उंच नळकांड्यासारखी टोपी, मध्यावर बारीक आणि वर रुंद असते. फेल्ट (केस किंवा लोकर दाबून केलेलं जाड कापड) वाफेने मऊ करून साच्यावर चढवतात आणि टोपी घडवतात. अखंड साच्यावर ती चढवली तर उतरणारच नाही. म्हणून साचा पाच तुकड्यांचा करतात: मधला तुकडा आधी ओढून काढायचा, मग मोकळ्या झालेल्या जागेत बाकीचे आत सरकवून एकेक बाहेर घ्यायचे. म्हणजे सगळी मदार मधल्या तुकड्यावर. तो सुटा असल्यामुळे हरवतोही सर्वांत आधी, आणि त्याच्याशिवाय उरलेल्या चार तुकड्यांना शोभेच्या वस्तूइतकीच किंमत.

या संचातला मधला तुकडा नवा बनवून, रंग देऊन बसवलेला होता. चार तुकड्यांवर एकच आकडा ठोकलेला, पाचव्यावर काहीच नाही. वरून रंग हुबेहूब जुळलेला, पण टाचणीच्या भोकांत डोकावलं तर तिथेही तोच तपकिरी रंग उतरलेला. खरं जुनं लाकूड वरून काळवंडतं, आत असं रंगत नाही. बाजूंना यंत्राच्या रंध्याच्या एकसारख्या बारीक लाटा होत्या आणि उतार अजिबात नव्हता. हा तुकडा किंचित निमुळता हवा, नाहीतर तो ओढून सहज निघत नाही. त्यात लाकूडही नीट वाळलेलं नव्हतं. वाफ लागल्यावर ते आडवं फुगलं आणि साचा आतच अडकला. शेवटी टोपी कापावी लागली. वरच्या भेगांत भरलेली लांबी (पुट्टी) ओली होऊन सुटली, आणि चपड्याचं, म्हणजे लाखेचं, ताजं पॉलिश पांढरं पडून फेल्टला चिकटलं ते वेगळंच.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं, ‘तुम्ही वाफ दिलीत, आता वस्तू परत घेणार नाही.’ तेव्हा पार्सल उघडलं की साचा कोरडाच पाच-सहा वेळा जोडून सोडवा, त्याचा व्हिडिओ करा, मगच केटली तापवा. घेण्याआधी तळाचा आणि सुट्या पाचही तुकड्यांचा फोटो मागा. जोडलेल्या साच्याचेच फोटो पुन्हापुन्हा येत असतील तर सौदा सोडा.

मापातही लबाडी चालते, किंवा निदान सोयीस्कर मौन. टोपीचा ब्रिटिश ७ नंबर म्हणजे अमेरिकन ७⅛, दोन्ही साधारण ५७ सेंमी. साचा कुठला हे न सांगता नुसतं ‘७’ लिहिलं की एका सेंटीमीटरचा घोळ होतो, आणि डोक्यावर तेवढा पुरेसा असतो. टेप लावून घेतलेलं घेराचं माप सेंमीमध्येच मागा.

कॉन्फॉर्मेटर हे पॅरिसचं १८४० च्या दशकातलं यंत्र. डोक्यावर ठेवलं की भोवतीच्या पट्ट्या सरकतात आणि वरच्या टाचण्या कागदावर छोटा आराखडा टोचतात. तो कापून फॉर्मिलॉनमध्ये बसवला की पूर्ण मापाचा आकार मिळतो. दोन्ही यंत्रं एकाच जोडीची नसली तर माप चुकतं. इथे एकाची पितळी पाटी जुनी होती, तर दुसऱ्यात अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू, जे १९३० च्या दशकाआधी बाजारात नव्हतेच. एक स्क्रू बदललेला असणं समजू शकतं, सगळेच बदलले असतील तर नाही. खात्रीसाठी घेर माहीत असलेल्या साध्या साच्यावर यंत्र ठेवा, कागद कापा, फॉर्मिलॉन लावा आणि त्याच्याभोवती टेप फिरवा. दोन्ही घेर जुळले नाहीत, किंवा आराखड्यात टाचण्यांच्या जागा रिकाम्या दिसल्या, तर ‘चालू स्थितीत’ हे शब्द खोटे.

पेटीत ‘भेट’ म्हणून फरच्या फेल्टचे काही जुने, न घडवलेले टोप आले होते. ही भेट घेऊ नका. सशाच्या केसांचं फेल्ट नीट जमावं म्हणून त्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचं पाणी लावायचे, आणि अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये बंद होईपर्यंत कामगारांचे हात त्याने थरथरत. जुन्या फेल्टमध्ये पारा अजूनही असू शकतो. ते झटकू नका, त्याला वाफ देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. हातमोजे घालून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, पिशवीवर तसं लिहा आणि घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.