मालदीवला फॅमिली घेऊन जाताय? ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट की लोकल आयलंडवरचं गेस्टहाऊस

आम्ही मालदीव दोन्ही पद्धतीनं केलंय, आधी माफुशी या लोकल बेटावर (म्हणजे जिथे तिथले लोक राहतात) गेस्टहाऊसमध्ये राहिलो आणि नंतर आई-बाबा आणि दोन्ही मुलांना घेऊन ऑल इन्क्लुझिव्ह (म्हणजे राहणं, जेवणं आणि दारूसकट ड्रिंक्स एकाच पैशात) रिसॉर्टवर, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते, इथल्या ऑल इन्क्लुझिव्हची तुलना दुसऱ्या देशांशी करत बसू नका. तुर्कीत अंताल्याला वगैरे रिसॉर्टचं जेवण नाही आवडलं तर गेटबाहेर पडून कुठेतरी खाता येतं. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, 1972 साली कुरुम्बा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर चहूबाजूंनी समुद्र. म्हणजे चार-पाच दिवस पोटात जे काही जाणार ते तिथल्याच किचनमधून आणि तिथल्याच रेटनं. म्हणून मी तर म्हणेन व्हिलाचे फोटो नंतर बघा, आधी मील प्लॅन बघा.

हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, कागदावर स्वस्त दिसतं. आमच्या शेजारच्या व्हिलातली फॅमिली हाफ बोर्डवर होती, त्यांना रात्री जेवताना पाण्याच्या बाटलीवर पण सही करावी लागायची आणि दुपारी मुलांना भूक लागली की मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचायची. आमचा धाकटा मात्र ओल्या अंगानं टॉवेल गुंडाळून पूल बारवर जायचा, ज्यूस अर्धा पिऊन तसाच ठेवून परत पाण्यात, तासाभरानं दुसरा, आणि मी एकदाही ओरडले नाही. बाबांचा तर स्वभावच असा की बिल दिसलं की भूक मरते, ते पाचही दिवस पोटभर जेवले आणि माझ्यासाठी तिथेच पैसे वसूल झाले.

पण ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे सगळंच फुकट असं अजिबात नाही हं. स्पा, डॉल्फिन बघायच्या ट्रिपा, काही खास रेस्टॉरंट, भारीतली ड्रिंक्स बऱ्याचदा वेगळी असतात, आणि एअरपोर्टवरून न्यायचं-आणायचं भाडं त्यात धरलंय का हे लेखी विचारून घ्या. किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग 17 टक्के टॅक्स (जुलै 2025 पासून 16 चा 17 झालाय), म्हणजे 100 डॉलर लिहिलेले प्रत्यक्षात जवळपास 129 पडतात. शिवाय ग्रीन टॅक्स वेगळा, रिसॉर्टला माणशी दिवसाला 12 डॉलर, 50 किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला 6, दोन वर्षांखालच्या बाळाला माफ. चौघं पाच दिवस म्हणजे रिसॉर्टवर 240 डॉलर नुसते याचेच.

आणि घरात कोणी दारू घेतच नसेल तर ऑल इन्क्लुझिव्हचा निम्मा फायदा तिथेच जातो. मग तीन जेवणं असलेला फुल बोर्ड घ्या, फक्त पिण्याचं पाणी त्यात आहे ना ते बघा.

आता गेस्टहाऊस. लोकल बेटांवर पर्यटकांना असं राहता यायला लागलं ते साधारण 2009-10 नंतर, आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माफुशी मालेपासून स्पीडबोटनं अर्ध्या-पाऊण तासावर. सकाळी मास हुनी मिळायची, ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची हातानं कुस्करून वर लिंबू, आणि सोबत गरम रोशी (तिकडची पोळी), ही चव मला रिसॉर्टच्या एवढ्या मोठ्या बुफेत कुठेच नाही मिळाली. गल्लीत शाळेतून येणारी पोरं दिसतात, आपण कुठल्यातरी देशात आलोय असं वाटतं. पण तिथे दारू बंद, स्विमसूट फक्त ठरवून दिलेल्या बिकिनी बीचवर, एरवी अंगभर कपडे, आणि चांगलं कोरल बघायचं तर रोज बोटीची ट्रिप घ्यावी लागते. चांगला हाऊस रीफ (बेटाला लागूनच असलेलं कोरल) असलेलं रिसॉर्ट असेल तर मास्क लावून किनाऱ्यावरूनच उतरायचं, माझ्या मोठ्या मुलीनं कासव असंच बघितलं.

माझं मत विचाराल तर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर ऑल इन्क्लुझिव्हच, थोडे दिवस कमी करा पण तेच घ्या. मुलं मोठी असतील, फिरायची हौस असेल तर गेस्टहाऊस, आणि जमलं तर शेवटचे दोन दिवस रिसॉर्ट.

आणि आई-बाबांना नेणार असाल तर स्पीडबोटनं पोचता येईल असंच रिसॉर्ट शोधा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, फ्लाइट संध्याकाळी उतरली तर ती रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते आणि तिकडे रिसॉर्टची पहिली रात्र भरलेली तशीच वाया जाते.