गॅसवाले शॉकअप आणि माझे साडेचौदा हजार

साडेचौदा हजार रुपये यूपीआयने दिले, हसतहसत दिले, वरून गॅरेजवाल्याच्या हाताखालच्या पोराला चहापाण्याचे पन्नास वेगळे. जुन्या गाडीचं सस्पेन्शन 'आरामदायक' करून घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गॅरेजचं नाव लिहीत नाही. असे गॅरेज एकच असते तर लिहिलंही असतं.

गाडी 2015 ची डिझायर, सेकंडहँड घेतलेली. गाव दारव्हा तालुक्यात. आठवड्यातून चारदा यवतमाळची चक्कर होते आणि महिन्यातून दोनदा मागच्या सीटवर आई असते, कंबर धरलेली. शकुंतला, आमच्याकडची छोटी रेल्वेगाडी, धावत होती तेव्हा आई तिच्या नावाने बोटं मोडायची, आता म्हणते, "हळू जाये, पण आदळत नव्हती बापा." आमच्याकडे रस्ता नवा झाला तरी दोन पावसाळ्यांत त्याच्यावर लाटा उठतात. खाली काळी माती. पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग वरचं डांबर सपाट राहील कसं? त्यात पुढून खटखट आवाज सुरू झाला, म्हणून यवतमाळ रोडवरच्या एका 'सस्पेन्शन स्पेशालिस्ट'कडे गाडी नेली.

त्याने जॅक लावला, चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, टपरीवर चहा घेऊन या, तवरीक पाह्यतो मी." चहा पिऊन आलो तर दोन्ही पुढचे शॉकअप ओले. त्याने बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. बोट तेलाने चमकत होतं. "पाहा, गळून राह्यले. दोन्ही गेले."

मी मान हलवली. आमच्या रस्त्यांवर खरोखर गळणाऱ्या शॉकअपवर धूळ बसून बसून काळा चिकट थर होतो, नखाने खरवडावा लागतो. माझ्या शॉकअपवरचं तेल स्वच्छ होतं, ताजं, धुळीचा कण नाही. शेतात फवारणीचा पंप गळतो तेव्हा हे आपण लगेच ओळखतो. गाडीच्या खाली वाकलं की अक्कल कुठे जाते, कोण जाणे.

मग त्याने यादी सांगितली. 'इम्पोर्टेड' गॅसचे दोन शॉकअप नऊ हजार, मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर अडीच हजार, पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, दीड हजार, मजुरी दीड हजार. "मख्खनवानी चालन गाडी. खड्डाच समजणार नाही तुमाले." बिल मागितलं तर डायरीचं पान फाडून त्यावर 'सस्पेन्शन काम 14500, 2 वर्ष ग्यारंटी' असं लिहून दिलं. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. आणि जुने शॉकअप? ते मी मागितलेच नाहीत. डिकी मळेल म्हणून.

पहिले तीन-चार दिवस मी खूश होतो. पुढून गाडी पाळण्यासारखी डोलायची आणि मला वाटायचं, हाच तो आराम. इथेच बहुतेकांची फसगत होते. धक्का खातो तो स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगला पुन्हा पुन्हा नाचू न देण्याचं. आतल्या तेलाला पिस्टनच्या बारीक भोकांतून जावं लागतं, तोच त्याचा लगाम. लगाम ढिला असला की हळू चालवताना गाडी मऊच लागते. मागे मात्र उलट. दर गतिरोधकाला मागची बाजू लाथ मारावी तशी उडायची आणि आई "अगं माय" म्हणायची. ते बफर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकून बसतात, तेवढे वेढे दबायचे थांबतात, म्हणजे स्प्रिंग आणखी कडक होतो. डिकीत सरकीची पोती नेणाऱ्याची गाडी त्याने कमी बसते, हे खरं. पण कंबर दुखणाऱ्या माणसासाठी कडक स्प्रिंग कोण घालतं!

दोन आठवड्यांनी संध्याकाळी परत येताना रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. ब्रेक मारला तर गाडीने नाक जमिनीला टेकवल्यासारखं केलं, पुढची चाकं टणटण उडायला लागली आणि स्टीअरिंग हाताबाहेर जातंय असं वाटलं. रोही निघून गेला. मी बाजूला गाडी लावून पाच मिनिटं नुसता बसून होतो.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आधी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. माझी तीनदा डोलली. मग शॉकअप काढला, स्प्रिंग दाबून वेगळा केला आणि दांडी आत ढकलून हात काढला. "पाह्यत राहा," म्हणाले. आम्ही दोघं पाहत राहिलो. दांडी होती तिथेच. गॅस भरलेल्या शॉकअपची दांडी दाबून सोडली की आपोआप, हळूहळू बाहेर येते. नंतर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने नळीवरचा काळा रंग खरवडला. खाली गंज आणि गंजाच्या मधोमध वेल्डिंगची जाड रेघ. कुणाचा तरी मेलेला शॉकअप कापून, तेल भरून, डाग देऊन रंगवला होता. बुश तर बदललेलेच नव्हते. फाटके तसेच, वरून टायर पॉलिश फासलेलं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केली नव्हती. स्ट्रटचे (स्प्रिंगसकट बसवलेल्या पुढच्या शॉकअपचे) बोल्ट सोडले की चाकाचा कोन बदलतो, तिकडे कोणी पाहिलं नाही, आणि तेवढ्यात टायरची आतली कड घासायला लागली होती.

"खटखट कशाची होती मग?" मी विचारलं. काकांच्या मते शॉकअप वर जिथे बसतो त्या माउंटचं रबर आणि हेच बुश. आणि गाडी आदळायची त्याला एक कारण हवेचं होतं. पंपावरचा पोरगा डोळे झाकून चाळीस भरायचा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर आकडा त्याहून बराच कमी लिहिलेला आहे, तो मी कधी वाचलाच नव्हता. काकांनी माउंट, बुश आणि कंपनीचे शॉकअप घातले, बफर काढून टाकले, अलाइनमेंट करून आणायला लावली. खोके माझ्यासमोर फोडले, बिल पक्कं दिलं, आणि काढलेले पार्ट न मागता पोत्यात बांधून डिकीत ठेवले.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर मी फोन लावला. तिथे बिल मागितलं. माझ्याकडे डायरीचं पान. पैसेही त्या पहिल्या गॅरेजवाल्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेलेले.

तरी पोतं घेऊन त्याच्याकडे गेलो. वेल्डिंगची रेघ दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "हे माह्याकडचे काहून असन? तुम्ही यवतमाळले बदलले नं?" मी म्हणालो, बरं, माझे आधीचे चांगले शॉकअप तरी परत दे. तो उठला आणि मागच्या शेडचं टिनाचं दार उघडलं. आत तारेवर ओळीने वीसेक शॉकअप टांगलेले, ताजा काळा रंग वाळत घातलेला.

"यातले तुमचे कोणते, वळखा अन् घेऊन जा."

मी पाच-सहा उलटून पाहिले, हात काळे झाले. मग आभाळ भरून आलं म्हणून निघालो.