वेबसाइटवर मराठीची गिचमिड: घोषणा बदलावी, डेटा बदलावा की एंटिटी वापराव्यात?

जुनी मराठी साइट नव्या होस्टिंगवर हलवली आणि 'मराठी' या शब्दाच्या जागी अनोळखी चिन्हांची रांग आली, तर दुरुस्तीच्या तीन वाटा सुचवल्या जातात. पहिली, एन्कोडिंगची (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीची) घोषणा बदलणं. दुसरी, डेटाबेसमधला मजकूरच नव्यानं रूपांतरित करणं. तिसरी, प्रत्येक अक्षर एचटीएमएल एंटिटीच्या, म्हणजे त्याच्या आकडी संकेताच्या रूपात साठवणं. चुकीची वाट निवडली तर जो मजकूर दहा मिनिटांत सुधारला असता, तो कायमचा जाऊ शकतो. म्हणून आधी निदान.

पडद्यावर काय दिसतं, डेटाबेसमध्ये काय असतं

यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. 'मराठी'त म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा ५ खुणा, म्हणजे १५ बाइट. हेच बाइट कुणी विंडोज-१२५२ (रोमन लिपीसाठीचं, एका चिन्हाला एकच बाइट देणारं जुनं एन्कोडिंग) समजून वाचले की १५ वेगळी चिन्हं उमटतात. ती ओळखायला सोपी असतात: दर तिसरं चिन्ह म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं बारकं रोमन ए, आणि त्यामागे चार काड्या फुटलेलं वर्तुळ किंवा येनचं चिन्ह. अशी गिचमिड दिसली तर बहुतेक वेळा मजकूर वाचवता येतो.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तीही प्रत्येक खुणेमागे एक, तर एकतर लिहिण्याच्या वेळीच मजकूर गेलेला असतो, किंवा वाचताना डेटाबेसच्या जोडणीचं एन्कोडिंग चुकलेलं असतं. मजकूर गेला असेल तर बॅकअपशिवाय उपाय नाही. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं तर ब्राउझरला मिळालेले बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसले नाहीत. अशा वेळी ते पान एडिटरमध्ये उघडून 'सेव्ह' करू नका, मूळ बाइट पुसले जातील. रिकामे चौकोन मात्र फक्त फॉन्ट नसल्याची खूण आहे.

डोळ्यांवर विसंबू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हेक्स फंक्शन (बाइट सोळा-आधारी आकड्यांत दाखवणारं) लावून एका ओळीचे खरे बाइट पाहा. 'म' साठी ई०ए४एई आलं तर बाइट शाबूत आहेत. सी३ए०सी२ए४सी२एई असे सहा बाइट आले तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे, म्हणजे गिचमिडीची चिन्हंच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली आहेत. ३एफ आलं तर ते खरंखुरं प्रश्नचिन्हच साठवलेलं आहे.

घोषणा बदलणं

बाइट शाबूत आहेत आणि कॉलमवरही यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) असंच लिहिलेलं आहे, तेव्हा हाच उपाय. डेटाला हात लागत नाही, चुकलं तर मागे फिरता येतं. इथे लोक अडकतात ते अग्रक्रमात. ब्राउझर आधी फाइलच्या सुरुवातीचा बाइट ऑर्डर मार्क (एन्कोडिंग सांगणारे काही बाइट) मानतो, मग सर्व्हरनं पाठवलेलं एचटीटीपी हेडर, आणि मग पानातला मेटा टॅग. त्यामुळे मेटा टॅग कितीही बरोबर असला तरी सर्व्हर हेडरमध्ये लॅटिन-१ (विंडोज-१२५२ चंच जवळचं रूप) सांगत असेल तर गिचमिडच दिसणार. शिवाय मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवा. आधी लांबलचक स्क्रिप्ट कोंबली की तो उशिरा येतो. हेडर ठीक असेल तर पीएचपी आणि डेटाबेस यांच्या जोडणीचं एन्कोडिंग तपासा, होस्टिंग बदलल्यावर तेच बदललेलं असतं.

एक फसवा प्रकार आहे. कॉलमवर लॅटिन-१ लिहिलेलं, आत यूटीएफ-८ चे बाइट, आणि जोडणीही लॅटिन-१ वर. दोन चुका एकमेकींना झाकतात, साइट स्वच्छ दिसते. ही स्थिती तशीच ठेवा असं सांगणारे भेटतात. आमचं मत ठाम विरोधात आहे. डेटाबेसच्या लेखी 'मराठी' हा १५ अक्षरांचा शब्द राहतो. २५५ अक्षरांच्या कॉलमात देवनागरीच्या ८५ खुणाच मावतात. मजकूर तोडणारं फंक्शन अक्षराच्या मधोमध कात्री चालवतं. आणि पुढचा कुणीतरी बॅकअप यूटीएफ-८ मध्ये काढतो, तेव्हा सगळा मजकूर दोनदा एन्कोड होतो.

डेटा बदलणं

मेहनत इथे जास्त, आणि टिकाऊ उत्तरही इथेच. पण यात दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

लॅटिन-१ कॉलमात यूटीएफ-८ चे शाबूत बाइट असतील तर थेट 'कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट' चालवू नका. ती आज्ञा प्रत्येक बाइटला एक लॅटिन अक्षर समजून रूपांतर करते, म्हणजे गिचमिड पक्की होते. कॉलम आधी बायनरी करा (टेक्स्टचा ब्लॉब, व्हारकॅरचा व्हारबायनरी) आणि मग यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट किंवा व्हारकॅर. बायनरीत गेल्यावर मायएसक्यूएल बाइटांचा अर्थ लावत नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे राहून फक्त लेबल बदलतं. कॉलमवर फुलटेक्स्ट इंडेक्स (शब्दशोधाची सूची) असेल तर तो आधी काढावा लागतो. डिफॉल्ट किंमत आणि 'नॉट नल' पुन्हा लिहायला विसरू नका. हे करताच जोडणीही यूटीएफ८एमबी४ वर न्या.

मजकूर आधीच दोनदा एन्कोड झाला असेल तर उलटं चाला: कॉलम लॅटिन-१ मध्ये रूपांतरित करा, निकाल बायनरी म्हणून घ्या, तो यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. हे शक्यतो मायएसक्यूएलच्या आतच करावं. कारण विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ऱ्हस्व उकार, पाय मोडायची खूण, ए, ऐ आणि झ यांचा शेवटचा बाइट नेमका यांपैकी एक असतो. मायएसक्यूएलचं लॅटिन-१ या पाचांनाही जागा देतं. बाहेरची अनेक साधनं ते गाळतात, आणि मग ही अक्षरं व जोडाक्षरं तेवढी फुटलेली परत येतात. गिचमिड कॉपी करून दुसरीकडे चिकटवणंही महागात पडतं. ठ चा तिसरा बाइट न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो आणि भ चा अदृश्य जोडरेघ म्हणून. एडिटर नीटनेटकेपणाच्या नादात दोन्ही उडवतो.

अर्धा मजकूर बरोबर आणि अर्धा दुहेरी असा मिसळलेला तक्ता सर्वांत वाईट. तिथे सरसकट आज्ञा चालत नाही. सी३ए०सी२ए४ हा क्रम असलेल्या ओळी शोधून तेवढ्याच दुरुस्त कराव्या लागतात. काम चालू असताना साइटवर नवं लेखन बंद ठेवा आणि आधी प्रतीवर चालवून पाहा.

यूटीएफ८ की यूटीएफ८एमबी४, हा प्रश्न अजून येतो. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' म्हणजे ३ बाइटांपर्यंतच. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, आणि मोडी लिपीही नाही, कारण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीची प्रत्येक खूण ४ बाइटांची आहे. मोडी कागदपत्रांचं लिप्यंतर ठेवणाऱ्या साइटला पर्यायच उरत नाही. अडचण एकच: जुन्या आवृत्त्यांत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट असल्यानं २५५ अक्षरांचा कॉलम १९१ वर आणावा लागतो.

एंटिटी

'म' ऐवजी अँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम. ३ बाइटांच्या जागी ७. पान कोणत्याही एन्कोडिंगमध्ये बरोबर दिसतं, एवढाच फायदा. डेटाबेसमधला शोध चालत नाही, क्रम लागत नाही, आणि एखाद्या प्लगइननं सुरुवातीचं अँड चिन्ह पुन्हा एकदा एंटिटीत बदललं की वाचकाला आकडेच दिसतात. वर्डप्रेसच्या काही सेटिंग्जमध्ये मजकुरासोबत त्याची बाइट-लांबी नोंदलेली असते. एंटिटी नंतर साध्या अक्षरांत बदलायला गेलात तर ती लांबी जुळत नाही आणि सेटिंग वाचलीच जात नाही. फक्त आस्की (साधी रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं) स्वीकारणाऱ्या एखाद्या जुन्या यंत्रणेला मजकूर पाठवायचा असेल तेवढ्यापुरतं हे ठेवा.

श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर साध्या रोमन अक्षरांसारखा दिसतो. तिथे यांतलं काहीच लागू पडत नाही. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार त्यानं योग्य जागी हलवले का, ते हातानं तपासावं लागतं.

दुरुस्तीनंतर चाचणीसाठी 'एक झुंज, ठाम ऐक्य, भाषा' एवढी ओळ आणि शेवटी एक इमोजी साइटवरून जतन करा, पान पुन्हा उघडा आणि हेक्स पाहा. रिकामे राहणारे पाचही बाइट, ठ, भ आणि ४ बाइटांचं एक चिन्ह यात येऊन जातं.